घट्ट लावलेलं झाकण

बादलीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर भिजलेला दाणा वर काढायचा आणि समोर जो कोणी उभा असेल त्याच्या नाकाखाली धरायचा. "घ्या वास. ताकावानी येतोय का नाय?" आमच्या शेजारच्या काकांची ही रीत. पाहुणा असो, गॅसवाला असो, कोणाची सुटका नव्हती. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीत नाकाला पदर लावला, तो गावी परत जाईपर्यंत काढला नाही.

आम्ही राहतो नाशिकला, सातपूरच्या मागच्या बाजूला, रो-हाउसच्या एका कॉलनीत. काका मूळचे घोटीकडचे, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मागच्या अंगणात गावठी कोंबड्या. खरं तर त्या काकूंच्या. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हा कोंबड्या काकांच्या गळ्यात पडल्या. तोवर या माणसाने कोंबडीला कधी दाणा टाकला नव्हता. ताटात आली तरच तिची दखल घ्यायचे.

दाणा आंबवायला ते शिकले मोबाइलवर बघून. मक्याचा भरडा, बाजरी, घोटीहून येणारी तांदळाची कणी, सगळं रंगाच्या रिकाम्या बादलीत पाण्याखाली बुडवून ठेवायचं, रोज ढवळायचं, आंबट वास सुटला की गाळून कोंबड्यांना घालायचं. जुन्या बादलीतलं थोडं पाणी विरजणासारखं नव्या बादलीत. आंबवलेला दाणा कोंबड्या सांडत नाहीत, अंड्याचं कवच टणक होतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आमचे हे म्हणायचे, "कॉलनीत ताडीचं दुकान निघालंय." पण त्यांच्याकडची अंडी आली की पहिलं ऑम्लेट ह्यांनाच हवं असायचं.

माझ्या इडलीच्या पिठावरही काका मत द्यायचे. एकदा पातेल्यावरचं झाकण उचलून म्हणाले, "ताई, ह्याला अजून टाइम हाय. घाई केली का वाया जातं." पाहुणे येऊन बसले होते, मी कसली ऐकते. इडल्या चपट्या झाल्या आणि काकांनीच त्या मिटक्या मारत संपवल्या.

हेच वाक्य ते काकूंबद्दलही बोलायचे, आणि तिथे मात्र मला हसू यायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बोलणं परत यायचं असतं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, आता आशा धरू नका. काका म्हणाले, "डॉक्टरला लय घाई. येईल. आतमधी चालू असंल काहीतरी." रोज सकाळी ते काकूंना मागच्या दारात खुर्चीत बसवत आणि डाव्या हातावर दाणा ठेवत. कोंबड्या काकूंच्या हातातून खात. काका शेजारी पाटावर बसून बोलत राहत. कारखान्यातलं, गावाकडचं, कोणाचं लग्न ठरलं ते. मधेच काही विचारत आणि उत्तरासाठी थांबतही. ते थांबणं मला बघवत नसे. मी माझी भांडी उचलून आत जायचे.

मग हिवाळा आला. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको, त्या गारठ्यात दाणा आंबेना. काकांनी बादली घरात आणली, गोधडीत गुंडाळून काकूंच्या पलंगाशेजारी ठेवली आणि वास पसरू नये म्हणून झाकण दाबून घट्ट बसवलं. ज्यांनी कधी काही आंबवलं आहे त्यांना ठाऊक असतं, आतून वायू सुटतो, झाकण सैलच ठेवावं लागतं. काका दुसऱ्यांना तेच बजावत. त्या दिवशी स्वतः विसरले.

मी भाजीची वाटी द्यायला गेले होते. फाट्कन आवाज झाला, झाकण उडून कपाटावर आपटलं, आंबट पाणी भिंतीभर उडालं. मी किंचाळले. आणि काकूंच्या तोंडून आवाज निघाला.

काका गालावर दाढीचा साबण तसाच घेऊन धावत आले. "काय म्हणली? 'अहो' म्हणली ना? ताई, तुम्ही ऐकलं?"

मला नुसता दचकल्याचा आवाज ऐकू आला होता, श्वास अडकावा तसा. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, "काहीतरी म्हणाल्या खऱ्या."

ते पलंगाच्या कडेला बसले, काकूंचा हात हातात घेतला. "म्हण ना परत. मी हितंच हाय."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. गालावरचा साबण वाळून गेला तरी काका उठले नाहीत.

त्यानंतर ते झाकण मुद्दाम घट्ट लावायला लागले. कडेने लाकडी हातोडीचे ठोके देऊन बसवायचे, बादली काकूंच्या उशाशी ठेवायचे आणि स्वतः दाराआड उभे राहायचे. झाकण कधी उडायचं, कधी नुसतं फुस्स व्हायचं. काकू सुरुवातीला दचकायच्या, पण आवाज नाही. पुढे दचकणंही गेलं. ढवळायचं कोणाच्या लक्षातच नाही, त्यामुळे वर आलेल्या दाण्यावर काळी बुरशी धरायला लागली. काका तो फेकून द्यायचे आणि नवा भिजत घालायचे. कोंबड्या कोरड्या कणीवर दिवस काढू लागल्या.

सटाण्याहून मुलगी आली, तिने हा प्रकार बघितला आणि चिडली. "पप्पा, आई घाबरते. बंद करा हे."

"घाबरली तर घाबरू दे," काका म्हणाले. "बोलली तर पायजे."

मुलगी गेल्यावर मीही कुंपणापाशी त्यांना म्हटलं, "काका, पुरे आता." ते चिडतील असं वाटलं होतं. पण हातातली बादली खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "ताई, रोज एकटाच बोलतो मी. लय कंटाळा येतो ओ."

थंडी संपायच्या आतच ते गेले. सकाळी अंगणात छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. काकूंच्या आधी ते जातील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इतकं काम अंगावर असलेला माणूस असा मधेच कसा उठून जातो, याचा मला तेव्हा रागच आला होता.

त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि काकूंना खुर्चीसकट शेजारी आणलं. बायका म्हणाल्या, "रडू द्या तिला, मोकळी होईल." काकू रडल्या नाहीत. त्रिसरण-पंचशील झालं. काकू काकांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या आणि त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते. त्या 'अहो'वर मी कधी विश्वास ठेवला नव्हता. पण त्या दिवशी भिंतीला टेकून मीच श्वास रोखून उभी होते. एकदा म्हणा काकू, त्यांना नेण्याआधी एकदाच म्हणा, असं मनातल्या मनात विनवत होते.

पुरुषांनी तिरडीला हात घातला. मला राहवलं नाही. "जरा थांबा," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, पण थांबले.

काकूंचे ओठ मिटले. त्यांनी मान हळूहळू दुसरीकडे वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

"काय झालं, वहिनी?" मुलीने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "न्या त्यांना."