शालिकभाऊंना नको असलेली उंची

शालिकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच अंगरख्याला काजं करत होते. हृदयविकाराचा झटका, वयाची पन्नाशीही नाही. झाडीपट्टीतल्या वडशात मी शाळेचे ड्रेस शिवते आणि थंडीच्या आधी नाटक कंपन्यांचे कपडे. शालिकभाऊ नाटकात राजा करायचे, त्या राजाचे सगळे अंगरखे माझ्याच मशीनवरचे. आता सव्वा महिना झाला. त्या दिवशी मला रडू आलं नाही, मी उरलेली काजं पुरी केली...

त्यांची मुलगी आचल सात वर्षांची असताना तिची फुफ्फुसं निकामी झाली. दूरच्या मोठ्या दवाखान्यात शालिकभाऊंच्या एका फुफ्फुसाचा खालचा भाग काढून तिला बसवला. पोर जगली, पण भाऊंचा दम गेला. एका दमात दहा ओळी फेकणारा राजा तीन ओळींवर थांबू लागला. प्रेक्षकांना वाटलं, वा, काय विचारी राजा उभा केला! भाऊ हे सांगून स्वतःच हसायचे. आचलच्या मापाचं नाव काढलं की मात्र तोंड उतरायचं. मोठ्या माणसाचं फुफ्फुस लेकराच्या फुफ्फुसासारखं वाढत नाही, डॉक्टरांच्या बोलण्यातलं एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. पोर वाढणार, तुकडा तेवढाच राहणार, मग एक दिवस तो तिला पुरणार नाही. शाळा उघडताना बाकीचे बाप म्हणत, जरा वाढतं शिवा. हा गडी पोरीला आणायचाच नाही. "मागचंच माप ठेवा बाई. तेवढीच हाय ते." मीही मुकाट शिवत गेले.

एके दिवशी त्यांच्या बायकोने, वहिनींनी, त्यांना माझ्या दुकानातच धरलं. "ताई, विचारा यायले, पोरीच्या गिलासातलं दूध कोन पिऊन राह्यलं ते!"

भाऊ खाली बघत म्हणाले, "वाढली तं पुरंल का तिले?... माह्याजवळ आता द्याले दुसरं काई नाई ना."

अस्सा संताप आला मला. आणि खरं सांगते, कीवही.

पुढच्या तपासणीला वहिनींनी मलाही सोबत धाडलं. डॉक्टरीणबाईंनी दुधाची गोष्ट ऐकली आणि राजाची अशी खरडपट्टी काढली की त्याचा पार शिपाई झाला. मग आचलच्या छातीचे फोटो दाखवत त्या म्हणाल्या, "लहान मुलांच्या फुफ्फुसात नवे कप्पे तयार होतात, तसे यात होतात की नाही, ठाम सांगता येत नाही. पण छाती वाढते तसा हा भाग फुगून जागा भरतोय. नळीत फुंकायच्या तपासणीत तिची फुंक दरवेळी वाढलेलीच दिसते. पुढचं पुढे बघू. पण उपाशी ठेवलंत तर मात्र कठीण आहे." परतीच्या गाडीत भाऊंनी तिला उकडलेली अंडी घेऊन दिली, एकामागून एक चार. "खा वो माय, खा." त्यांची काळजी गेली नाही, पण दूध तिचं तिला मिळू लागलं.

गेल्या आठवड्यात आचल सायकलवर एकटीच आली. जूनमध्ये शिवलेला आठवीचा ड्रेस आखूड झाला होता, नवा शिवायचा होता. तेरा वर्षांची झाली, बापाच्या कानाला लागली असती. मी छातीला फीत लावली आणि म्हटलं, श्वास भरून घे. एरवी असं कोणाला सांगत नाही. तिने घेतला. फीत माझ्या बोटांतून सरकली, थांबली, आणखी सरकली... आकडा वाचायचं भानच राहिलं नाही. भाऊंना नदीवर पोचवून आले तेव्हा सगळे म्हणाले होते, संपलं. इथे तर त्यांचं थोडं काम अजून चालूच होतं.

"मावशी, सोडू का?" आचलने श्वास कोंडूनच विचारलं.

"धर," मी म्हटलं. "अजून जरा धर."