मधली वीस मिनिटं

मानसशास्त्राच्या एम.ए.ला पहिल्या वर्षी आम्हाला स्मरणशक्तीची चाचणी शिकवली आणि सुट्टीत घरच्या कुणावर तरी ती करून आणायला सांगितली. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, समोरच्याने ते परत सांगायचे. मग वीस मिनिटं दुसऱ्याच गप्पा मारायच्या, म्हणजे त्याला शब्द घोकत बसता येत नाही. शेवटी, न वाचता, पुन्हा तेच शब्द विचारायचे.

म्हसळ्याला घरी आले आणि अब्बांना पकडलं. बावीस वर्षं कुवेतला काढून ते नुकतेच कायमचे परत आले होते आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरत होते. आमचं दोघांचं बोलणं तोवर फोनवरचं. जेवलीस का, अभ्यास कसा हाय, अम्मीला दे.

"म्हणजे बापाचं डोकं ठिकाणावर हाय का ते बघणार तू," असं म्हणून ते अडकित्ता घेऊन ओटीवर बसले. सुपारी कातरता कातरता शब्द ऐकले. कंदील, लिंबू, पूल, माकड. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. मधली वीस मिनिटं मात्र बंद ठेवलं. त्या मिनिटांना गुण नव्हते.

त्या वीस मिनिटांत अब्बा बोलले. इतकं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते, आणि काय बोलले ते मला आठवत नाही. मी घड्याळाकडे बघत होते. लक्ष नसेल तर आठवण बनतच नाही, हे मी परीक्षेत मेंदूची आकृती काढून लिहिलंय, चांगले गुणही मिळवलेत. तेव्हा अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

अब्बांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अडकित्त्याचा आवाज सोडला तर त्या दुपारचं काही म्हणता काही हाती लागत नाही. मला ती वीस मिनिटं परत हवी आहेत. बदल्यात डिग्री घेऊन जा म्हणावं.

दोन्ही रेकॉर्डिंग अजून मोबाइलमध्ये आहेत. पहिलं संपताना अब्बा विचारतात, "आता काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बोलायचं," मी म्हणते.

दुसरं सुरू होतं ते त्यांच्या अर्ध्या वाक्यावर. "...तेव्हा तू दीड वर्षाची. मी हात पुढे केला, तर तू..."

"बस, अब्बा. वेळ झाली," माझा आवाज म्हणतो. "आता शब्द सांगा."

अडकित्ता एकदा वाजतो, मग अब्बा म्हणतात, "कंदील."