एकच बिल्ड ठेवायचं ठरलं तेव्हा

गोंडी मजकूर कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसावा म्हणून मी आणि माझ्या मित्राने एक लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला वापरता येईल असा तयार कोड, लिहिली, सगळ्यांना फुकट. कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणारं साधन, म्हणजे बिल्ड, मात्र दोघांचं वेगळं. मी नागभीडला लिनक्सवर, तो एटापल्लीला विंडोजवर. एक फाइल वाढली की दोन्हीकडे नोंदवायची.

गेल्या वर्षी तो मलेरियाने गेला. मग त्याच्या बाजूला फाइल नोंदवायची मी विसरू लागलो, विंडोजवाले बोंब मारू लागले: दोन्हींसाठी एकच बिल्ड निवडा. शहाणपणाचंच होतं ते. पण त्याच्या बिल्डला तोंड होतं. त्याने लिहून ठेवलेलं मध्येच पडद्यावर यायचं, 'थांब ना बे, करून राह्यलो.' शेवटी, 'झालं भाऊ.' काम नसतानाही मी ते एका जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर चालवायचो. पाठीशी कुणी उभं आहे असं वाटून अंगावर काटा यायचा, तरी चालवायचो. ते पुसणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा जाळणं वाटायचं.

शेवटी पळवाट काढली. एक नवीन बिल्ड निवडलं आणि त्याची वाक्यं जशीच्या तशी त्यात घातली. ते घेऊन एटापल्लीला गेलो. त्याची बायको त्याच्याच कॉम्प्युटरवर शाळेसाठी गोंडी धडे करते. तिचं अडलं असतं तर माझी निवड मातीत.

चालवताक्षणी अक्षरं उमटली, 'झालं भाऊ.' झालं काहीच नव्हतं. नवीन बिल्ड आधी नुसती तयारी करतं आणि सगळी वाक्यं तेव्हाच बोलून टाकतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं काम नंतर सुरू झालं आणि अर्ध्यावर अडलं. गेलेल्या माणसाच्या तोंडून मी खोटं वदवलं होतं.

"हे ते नाई, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "काम झाल्याबिगर ते झालं म्हनत नव्हते. काढून टाका."

"वाक्यं बरोबर जागी लावतो ना, वहिनी."

"नाई. तेरवीले त्याइचे कपडे देऊन टाकले, मंग हेच काऊन ठेवू? मले धडे पायजे."

चूक दुरुस्त केली. त्याची वाक्यं पुसली, जुनं बिल्डही पुसलं. या वेळी सगळं एक शब्द न बोलता पार पडलं. वहिनींनी धडा उघडून अक्षरं तपासली, मान हलवली आणि कॉम्प्युटर बंद केला.

"रोज जेवाले बसली का मी त्याइचं ते जुनं बिल्ड समोर चालू करून ठेवत होती, भाऊ," त्या म्हणाल्या.