साबणाच्या डबीतला कान

परवा मुरबाडच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीला दिला आणि दुकानासमोरच्या स्टुलावर बसून राहिले. आतल्या माणसाने सोल्डरिंगची तापलेली सळई राळेच्या खड्याला टेकवली. निळसर धुराची बारीक रेघ वर चढली आणि तो वास आला. थोडा देवळातल्या धुपाचा, थोडा जळक्या तारेचा. हा वास आमच्या घरात वर्षानुवर्षं मुक्कामाला होता. भाताला यायचा, अंथरुणाला यायचा, दिराने बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीलासुद्धा यायचा. मी चष्मा काढून पुसायला लागले. डोळ्यांत पाणी धुराने आलं असं त्या दुकानदाराने समजावं, एवढीच माझी इच्छा होती.

आमचं घर आटगाव स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर. मी सून म्हणून आले तेव्हा धाकटा दीर अजून शाळेत होता, म्हणून मी त्याला कायम अरे-तुरे केलं आणि तो मला ‘वयनी’ म्हणत, ‘तुमी’ म्हणत राहिला. पुढे त्याने शहापुरात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं इवलंसं दुकान टाकलं. दुसऱ्यांच्या वस्तू तो इमानाने दुरुस्त करायचा, पण त्याचा जीव रमायचा तो भंगारातून काहीतरी भलतंच उभं करण्यात. पाण्याचा पिंप भरला की घंटी वाजवणारा तरंगता चेंडू त्याचा. सायकलच्या मागच्या चाकावर फिरणारी ताकाची रवीही त्याचीच; तिने पहिल्याच दिवशी सासूबाईंना डोक्यापासून पायापर्यंत ताकाने न्हाऊ घातलं होतं. मी जवळच्याच गावात प्राथमिक शाळेत शिकवत असे, विज्ञानाचे धडे घेत असे; पण विज्ञान असं अंगणात सांडलेलं मी त्याच्याचमुळे पाहिलं.

त्याची बायको, माझी धाकटी जाऊ, टोकावड्याकडची. लहानपणी तापात तिचे कान गेले ते गेलेच. बोलणं फुटलं नव्हतं, पण बोटांनी, भुवयांनी ती इतकं बोलायची की तिच्यापुढे आम्हीच मुके वाटायचो. लग्नाला चार वर्षं झाली आणि तिला मुलगी झाली. माहेरहून तीन महिन्यांची लेक घेऊन ती परतली त्याच संध्याकाळी सासूबाईंनी निकाल सांगून टाकला, “दिवसा आमी हावच. पन राती पोरगी रडून रडून निली पडली तरी हिला कलायचं नाय. पोरगी मोठीकडं झोपंल.”

मोठी म्हणजे मी. लग्नाला बारा वर्षं होऊन माझी कूस रिकामी होती. आता आडपडदा कशाला ठेवू? त्या निकालाने मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चुलीशी जाऊन उगाच लाकडं सारत बसले. दुसऱ्याच दिवशी जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली. धाकटीने सासूबाईंचे ओठ वाचले होते. तिने भांडण केलं नाही. फक्त एक दोरी घेतली, तिचं एक टोक पाळण्याला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. पोर हलली की दोरी ओढली जाईल असा तिचा हिशेब. पण तान्ही मुलं दर वेळी पाय झाडून रडत नाहीत; पुष्कळदा नुसती अंग आवळून रडतात. सकाळी ती उठली तेव्हा पोर सासूबाईंच्या मांडीवर होती आणि दोरी तशीच सैल पडली होती. दिराने ते पाहिलं आणि आईला म्हणाला, “आई, आठ दिस दे मला. मंग तू सांगशील तसं.”

त्या आठ दिवसांत आमची पडवी राळेच्या धुराने भरून गेली. कुणाच्या तरी मेलेल्या टेपरेकॉर्डरमधला वाटाण्याएवढा माइक, रेडिओच्या पोटातले दोन-तीन ट्रान्झिस्टर, टॉर्चचा एक दिवा आणि पेन्सिल सेल, एवढा सगळा संसार त्याने प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत बसवला. झाकणाला भोक पाडून माइक बाहेर काढला. चौथ्या संध्याकाळी त्याने डबी धाकटीसमोर धरून टाळी वाजवली आणि दिवा लागला. पुन्हा टाळी, पुन्हा दिवा. धाकटीने डबी ओढूनच घेतली.

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ती डबी घेऊन घरभर, अंगणभर फिरायला लागली. कोंबडी ओरडली, दिवा लागला. सासूबाईंनी पितळी घंगाळ आपटलं, दिवा लागला. रूळ आमच्या शिवारापलीकडून जातात. एक मालगाडी शिट्टी देत कसाऱ्याकडे निघाली आणि दिवा लागला तो विझेचना. धाकटीने खुणेने विचारलं, हे काय? मी रुळांकडे बोट दाखवलं. गाडी तिने रोज पाहिली होती, पण ती एवढ्या लांबून ओरडते हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. मग चिंचेवर पाखरांचा थवा उतरला, दिवा भराभर लुकलुकायला लागला, आणि तिने अंगणातल्या प्रत्येक वस्तूकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती वस्तूसुद्धा आत्ता ओरडेल! आवाज डोळ्यांना दिसताना मी प्रथमच पाहत होते. इतकी वर्षं फुकट मिळालेले माझे कान मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले.

पण अडचणी दोन होत्या. झोपलेल्या बाईला दिवा दिसणार कसा? आणि कोंबडीलाही लागणारा दिवा बाळासाठी काय कामाचा? पहिलीवर उपाय म्हणून त्याने टेपरेकॉर्डरची मोटर काढली, तिच्या दांड्यावर एका बाजूला सायकलचा नट डकवला. मोटर फिरली की तोल जाऊन ती अशी थरथरायची की हातात धरवत नसे. ती कापडात गुंडाळून उशीखाली ठेवायची. पुढे काही वर्षांनी मोबाइल आले, टेबलावर थरथरत सरकायला लागले, तेव्हा आमच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

दुसऱ्या अडचणीला डबीत एक बारीक स्क्रू होता. तो पिळून कुठल्या आवाजाला जागं व्हायचं ते ठरवायचं. त्यासाठी रडणं हवं होतं आणि पोर तर नेमकी हसत होती. दीर माझ्याकडे वळला.

“वयनी, तुमी रडा ना जरा. बारक्या पोरीसारक्या.”

“मी? वेडा झालास का रे?”

“तुमचा आवाज बारीक हाय. आईचा घातला तर सगल्या कोंबड्यापन त्यात येतील.”

सासूबाईंनी हातातला झाडू उगारला, मी हसले आणि पाळण्याशी उकिडवी बसून ट्यँहँ ट्यँहँ करायला लागले. तो स्क्रू पिळत होता, म्हणत होता, “आनखी. जरा हलू. आता जोरात.” दहा मिनिटं तरी मी रडले असेन. हसता हसता कधीतरी मला समजलं की ज्या यंत्राने पोर माझ्या कुशीत यायची राहणार आहे, त्याला मीच माझा गळा देते आहे. त्याच्या डोक्यात असलं काही नव्हतं. तो नुसता स्क्रूकडे पाहत होता.

आठव्या दिवशी दुपारी परीक्षा झाली. धाकटी पोरीला पाजून गाढ झोपली. डबी पाळण्याला टांगलेली, मोटर उशीखाली. आम्ही दारात उभे. मी मनात काय म्हणत होते ते लिहिताना आजही हात अडखळतो: ही उठू नये. पोर कुरकुरली, मग तिने टाहो फोडला. दिवा लागला. उशी घूं घूं करायला लागली. आणि डोळे पुरते उघडायच्या आधीच धाकटीचा हात पाळण्यात पोचला होता. सासूबाई पुढे गेल्या, त्यांनी त्या डबीला चक्क हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला होता. हेवा होता, पण त्याहून मोठं असं काहीतरी समोर घडलं होतं आणि ते मला नाकारता येईना.

पोर तिच्या आईकडेच झोपायला लागली. आमच्या दोन खोल्यांमध्ये कारवीच्या काड्यांचा, शेणाने सारवलेला पातळ कूड होता. पाळणा त्याला लागून तिकडे, माझी ट्रंक इकडे. पंधरा दिवसांनी एका रविवारी, दुपारी घर निजलेलं असताना, मी अर्धी शिवलेली गोधडी ट्रंकेत ठेवायला काढली. घडी घालता घालता रडू आलं. तोंडात पदर कोंबला, तरी आवाज निघायचा तेवढा निघालाच. डोळे पुसून पाहते तर दारात धाकटी उभी, केस विस्कटलेले, झोपेतून उठून आलेली. पोर शांत झोपली होती हे तिने पाहिलं होतं, आणि मग रडतंय कोण ते शोधत ती इकडे आली होती. तिची नजर माझ्यावरून गोधडीवर गेली. ती खाली बसली, माझ्या गळ्यावर तळवा ठेवला आणि हुंदके थांबेपर्यंत तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर डबी पाळण्यावर नव्हती. धाकटीने ती कुडात खोचली होती, दोन्हीकडचं ऐकू येईल अशी. त्या गोधडीचे उरलेले टाके आम्ही दोघींनी मिळून घातले. पोर मोठी झाली, शाळेत गेली, रडायची थांबली, तरी धाकटी डबीतले सेल बदलत राहिली. माझं दुःख होतं तिथेच होतं. पण आपण रडलो तर पलीकडे कोणीतरी दचकून उठणार, हे ठाऊक झालं की रडण्यातला एकटेपणा जातो, आणि तो गेला की बाकीचं सोसवतं.

पुढे कूड पाडून विटांची भिंत घालायला घेतली. अर्धी भिंत वर आली तेव्हा धाकटीने गवंड्याचा हात धरला आणि एक वीट काढायला लावली. गवंड्याने दिराला हाक मारली.

“भाऊ, हितं भोक ऱ्हायलं तर हिकडचं समदं तिकडं ऐकू जाईल.”

“जाऊ दे,” दीर म्हणाला, “त्यासाटीच ठेवलंय.”

डबी बंद पडून बरीच वर्षं झाली. तिच्यातले भाग आता मिळत नाहीत आणि दिराची नजरही अधू झाली आहे. घराला दोनदा नवा रंग लागला. दर वेळी रंगारी विचारतो, हे बुजवू का? आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी मीच नाही म्हणते.