पी-युन आणि तीन आठ

ल्याव पी-युनचा आजा डुकरं मारायचा, बाप डुकरं मारायचा, आणि ती स्वतः आमच्या डुक्करबाजारातला डेटाबेस सांभाळायची. घराणं बुडालं, असं बाप मरेपर्यंत म्हणत होता. सातव्या वर्षी तिनं सुरीखाली रक्ताची परात धरली होती. एकविसाव्या वर्षी नवऱ्यानं दुसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा त्याच परातीनं तिनं त्याचा जबडा मोडला. पहिल्यांदाच का नाही मोडलास, असं मी एकदा विचारलं.

"पहिल्यांदा परात भरलेली होती," ती म्हणाली.

मी या बाजारातला जनावरांचा डॉक्टर. युनलिनच्या सपाटीवर तेवीस वर्षं मेलेल्या डुकरांवर शिक्के मारतो आहे.

रोज सकाळी अठराशे डुकरं येतात. एकेकाला अरुंद गल्लीतून काट्यावर ढकलतात, वजन पडद्यावर उमटतं, समोर बसलेले खाटीक बटण दाबून बोली लावतात, सात सेकंदांत सौदा ठरतो आणि पुढचं फाटक उघडतं. हे सगळं जिन्याखालच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर चालतं. तो पडला की फाटक बंद. मागची डुकरं मात्र थांबत नाहीत, कारण त्यांना मागून माणसं ढकलत असतात आणि पुढचं त्या माणसांना कुणी सांगत नाही. सव्वाशे किलोची जनावरं एकमेकांवर चढतात, कान तोडतात, खालची गुदमरतात. गल्लीत फाटकाशी एक माणूस उभा असतो. त्यानं अशा वेळी काय करावं याबद्दल नियमावलीत एक ओळ आहे: प्रसंगावधान राखावे.

आमच्या कोंडवाड्यांचे नंबर एक, दोन, तीन, पाच असे आहेत. चार हा मृत्यूचा आकडा; आमच्या भाषेत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. रोज अठराशे जीव घेणाऱ्या आवारात अपशकुन नको, म्हणून तो गाळलेला.

एका सोमवारी नवं लिलाव-दालन उघडलं. चाळीस खुर्च्यांच्या शहाण्णव झाल्या. नऊ चाळीसला, चहाच्या सुट्टीत, सर्व्हरवरचा डेटाबेस मेला. पहिला संशय मक्याच्या कुरमुऱ्यांच्या हिरव्या पुड्यावर आला. यंत्रानं नीट वागावं म्हणून आमच्याकडे तो त्याच्या डोक्यावर ठेवतात. त्याची मुदत दोन आठवड्यांपूर्वी संपलेली निघाली. मंगळवारी ताजा पुडा आला. डेटाबेस पुन्हा नऊ चाळीसला मेला.

लॉगमध्ये रोज एकच नोंद: मेमरी संपली, डेटाबेस मारला. मारणारं बाहेरचं कुणी नव्हतं. मेमरी पुरेनाशी झाली की मशीन बाकीच्यांना जगवण्यासाठी स्वतःच एकाचा बळी घेतं, आणि निवडताना सगळ्यांत धष्टपुष्ट कोण ते बघतं. आमच्या बाजाराला ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही.

बुधवारी फाटकावर आ-खिम होता. डुकरं चढायला लागली तसा त्यानं साखळीत डावा हात घालून फाटक उचलायचा प्रयत्न केला. मागून नऊ जनावरं एकदम आली. फाटक उठलं नाही. साखळीनं चार बोटं तोडली. मी जनावरांचा डॉक्टर आहे, पण त्या दिवशी हा फरक कुणी काढला नाही. तीन बोटं सापडली. चौथ्याचा शोध मी घेतला नाही. डुक्कर काहीही खातं.

वर दालनात फांग नावाच्या खाटकानं आपला हूक व्यवस्थापक क्वोच्या टेबलात असा रोवला की तो काढायला दोन माणसं लागली.

"थाऊ-के," तो म्हणाला, मालकाला म्हणावं तसं अदबीनं, "उद्या पडद्यावर डुक्कर आलं नाही, तर काट्यावर तुम्हाला उभं करू. वजन चांगलं आहे तुमचं."

"मशीन आहे ते. मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. नुसतं उभं राहायचं."

गुरुवारी ताइचुंगहून पांढऱ्या बुटांचा एक तज्ज्ञ आला. डेटाबेसला मेमरी कमी पडते, तर जास्त द्या, असं म्हणून त्यानं मशीनची अर्धीअधिक मेमरी आधीच त्याच्या नावावर करून टाकली. उरलेल्यात बाकीचं काय मावणार? त्या दिवशी डेटाबेस नऊ पंचवीसलाच मेला. अकरा डुकरं चिरडली. तज्ज्ञ गल्ली बघायला उतरला होता. परत गेला तेव्हा बुटांचा रंग काय होता ते लिहीत नाही.

शुक्रवारी फाटकावर कोण, यावर सगळे जमिनीकडे बघायला लागले. मग पी-युनचा धाकटा भाऊ च्ये-हान पुढे झाला.

"आ-ची," तो थोरल्या बहिणीला हाक मारत म्हणाला, "तू मशीन सांभाळ, मी फाटक. आबांना बरं वाटलं असतं. एक तरी मूल डुकरांत राहिलं."

"बोटं मोजून जा," थोरली म्हणाली. "परत आलास की मी मोजणार आहे."

शुक्रवारी सकाळी मी तिच्या खोलीत बसलो होतो, कारण टाके घालायचं सामान घेऊन जवळ थांबा, असं तिनंच सांगितलं होतं. तज्ज्ञानं केलेलं तिनं सकाळीच उलटवलं होतं. त्यानं मरण फार तर नऊ चाळीसवर गेलं असतं. आता ती सेटिंगची फाइल पहिल्या ओळीपासून वाचत होती, ओठ हलवत, पोथी वाचावी तशी. नऊ अठराला बोट थांबलं.

"डॉक्टर, हे मीच लिहिलंय."

क्रम लावायच्या कामासाठी प्रत्येक खुर्चीनं किती मेमरी घ्यावी, ते सांगणारी ती ओळ होती. आकडा होता ८८८, मेगाबाइटमध्ये. मुळात तिथं कंपनीनं घातलेला ४ होता. दोन वर्षांपूर्वी मशीनच्या पूजेच्या दिवशी क्वोनं तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तीन आठ घाल, म्हणाला; आठ म्हणजे भरभराट. चाळीस खुर्च्या होत्या. सगळ्यांनी एकदम मागितलं तरी पस्तीस गीगाबाइट, आणि मशीनमध्ये चौसष्ट. साहेब खूश होतोय तर आपलं काय जातं, असं म्हणून तिनं घातले होते. सोमवारपासून खुर्च्या शहाण्णव. चहाच्या सुट्टीत शहाण्णव खाटीक उरलेल्या डुकरांची यादी एकाच वेळी मागवायचे, तीही प्रत्येक डुक्करपालकाचा सहा वर्षांचा इतिहास चाळून, वजनाच्या क्रमानं. पंच्याऐंशी गीगाबाइट. चार दिवसांत तिची नजर त्या ओळीवरून शंभरदा गेली असेल. शुभ आकड्याची झडती कोण घेतो?

तिनं तीन आठ खोडले. तेवढ्यात क्वो आत आला.

"काय घालतेस?"

"चार."

"इथं? तुझा भाऊ खाली उभा असताना?"

"तो उभा आहे म्हणूनच."

"आठ घाल. एकच आठ घाल ना, आ-युन. मी हात जोडतो."

हात जोडण्याऐवजी त्यानं तिचं मनगट पिरगाळलं आणि दुसऱ्या हातानं तिचे केस धरून तिला खुर्चीवरून ओढलं. वर सुट्टीची घंटा झाली. पी-युननं मोकळ्या हातानं सर्व्हरच्या कपाटाचं लोखंडी दार खेचलं. ते क्वोच्या कपाळावर बसलं. मग पुन्हा बसलं. पहिलं चुकून लागलं, असं सांगायला मी तयार होतो. दुसऱ्यानं माझी पंचाईत केली. क्वो खाली बसला. ती त्याला ओलांडून आली, रक्ताळलेल्या बोटांनी फाइल जतन केली आणि डेटाबेसला ती पुन्हा वाचायला लावली.

मग आम्ही पडद्यावरची मेमरीची रेघ बघत राहिलो. ती चढली, तिसाच्या जरा पुढे गेली आणि तिथंच रेंगाळली. नऊ चाळीस झाले. नऊ त्रेचाळीस झाले. वरून खाटकांच्या शिव्या ऐकू आल्या: यादी यायला नऊ सेकंद लागत होते. सुट्टी संपली. खाली फाटक आपटलं. सात सेकंदांनी पुन्हा आपटलं. मग पुन्हा.

पी-युन आवाज मोजत होती. वीस मोजून झाल्यावर तिनं केस बांधले.

क्वोच्या कपाळाला चार टाके पुरले असते. मी पाच घातले. मीही इथलाच.

त्यानं तक्रार केली नाही. तीन आठ कुणाच्या सांगण्यावरून आले, ते मग सांगावं लागलं असतं. दुपारी च्ये-हान वर आला, कोपरापर्यंत माखलेला. तिनं त्याची दहाही बोटं एकेक करून मोजली. मग म्हणाली, "डॉक्टर, माझ्याबरोबर इस्पितळात चला."

आ-खिम खिडकीशेजारच्या खाटेवर होता. डावा हात म्हणजे बँडेजचा गोळा आणि त्यातून निघालेला अंगठा.

"मशीनमध्ये चुकीचा आकडा होता," पी-युन उभ्या उभ्याच म्हणाली. "मी घातला होता. थाऊ-केला बरं वाटावं म्हणून."

"आता कोणता घातलास?"

"चार."

"आठ चालला नसता?"

"चालला असता."

"मग?"

"हात धजला नाही."

आ-खिमनं उजव्या हातानं उशाजवळचा स्टीलचा थर्मास उचलला आणि तिला फेकून मारला. तो खांद्यावर लागला. हाड वाजल्याचं मला ऐकू आलं. ती वाकली, थर्मास उचलला आणि परत त्याच्या हाताला येईल असा ठेवला. त्यानं पुन्हा फेकला. तिनं पुन्हा ठेवला.

तिसऱ्यांदा त्यानं तो उचलला, बराच वेळ हातात धरला आणि मग तिच्यापुढे केला. एका हातानं झाकण उघडत नव्हतं.