सिनेमाची गोष्ट कुणाला सांगायची?

मंडळी, आज दुपारी मी एकटीच सिनेमाला गेले. म्हातारपणी पुन्हा एकत्र येणाऱ्या चार मैत्रिणींची गोष्ट होती.

असले सिनेमे मी कायम पुष्पाबरोबर बघितले. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. मैत्रीचा सिनेमा लागला की तिचा फोन यायचाच, "चल गं, रडून येऊ." आता ती मनमाडला मुलाकडे असते. तिला फारसं काही आठवत नाही.

मध्यंतरात शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलींनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. एकीने विचारलं, "काकू, तुमच्या मैत्रिणी नाही आल्या?" मी हसून तिचा मोबाइल परत दिला.

घरी आल्यावर राहवेना, म्हणून मनमाडला फोन लावला. सुनेने तो पुष्पाच्या कानाशी धरला. मी तिला सिनेमाची अख्खी गोष्ट सांगितली. ती मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मग भेटल्या का गं त्या शेवटी?"

"भेटल्या. खूप रडल्या."

"बरं झालं बाई." मग तिने विचारलं, "पण तुम्ही कोण बोलताय?"

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "छान सांगता हो तुम्ही. परत करा फोन."

करणार आहेच. पण तेव्हापासून घर फार शांत वाटतंय. तुमचंही असं कुणी आहे का, जे तुम्हाला विसरलंय, आणि तरी सगळं त्यालाच सांगावंसं वाटतं?