अंग चोरून

सगळी गल्ली त्यांना कडकमावशी म्हणे, आणि त्याला कारणं दोन होती. एक म्हणजे त्यांच्या हातची इस्त्री. त्यांनी फिरवलेली कॉलर अशी उभी राही की घालणाऱ्याला मान खाली घालून चालताच येत नसे. दुसरं कारण त्यांची जीभ. ज्यांना कपडे वेळेवर मिळत ते पहिलं कारण सांगत. जे खिशात पेन विसरून कपडे टाकून जात, ते दुसरं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे टेबल, टेबलावर जुन्या ब्लँकेटची घडी आणि वर छताच्या हुकाला टांगलेली वाफेच्या इस्त्रीची नळी. तिथे मावशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभ्या असत. पाय भरून येत, खांदा अवघडे, पण पाठीनं कधी कुरकुर केली नव्हती. "माझी पाठ म्हणजे फळी आहे फळी," असं त्या अभिमानानं सांगत.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, गावाबाहेरच्या शीतगोदामावर रखवालदार होते. लग्नाआधीपासूनच रात्रपाळी. मावशी झोपायच्या वेळी ते मफलर गुंडाळून बाहेर पडत आणि मावशी उठल्या की घरी येत. घरात पलंग एकच, पण त्यालाही पाळ्या होत्या. रात्री मावशी, दिवसा काका. काका झोपले की घरातली भांडीसुद्धा दबकून वाजत. लेक लहानपणी इतकं हळू बोलायला शिकली की शाळेतल्या बाईंनी तिचे कान तपासून आणायला सांगितले होते.

मग काका निवृत्त झाले. गोदामवाल्यांनी भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, चार माणसं चांगलं बोलली आणि काका घरी आले ते कायमचेच. त्या रात्रीपासून दोघं एका वेळी एका पलंगावर झोपू लागले.

थोड्याच दिवसांत एका सकाळी मावशी उठायला गेल्या आणि उठताच येईना. कंबरेपासून पाठीच्या मध्यापर्यंत कुणीतरी ओला दोर पिळून बसवल्यासारखं वाटत होतं. पलंगाची कड धरून, दात आवळून त्या कशाबशा उभ्या राहिल्या. उसण भरली असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. दुकानात गेल्या, चार शर्ट झाले, दहा झाले, आणि दुपारपर्यंत दुखणं पार पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा हजर, आणि तिसऱ्या दिवशीही.

समोर चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाल्याला नजरेपलीकडचंही सगळं दिसत असे.

"मावशी, गादी बदला. मऊ घ्या," तो म्हणाला. आठवड्यानं म्हणाला, "छे छे, मऊ नको, सरळ फळीवर झोपा."

"तू चष्मे विकताना पण असंच करतोस का रे? जवळचा नको तर लांबचा घ्या?"

पण फळीचा प्रयोग मावशींनी करून पाहिला, नाही असं नाही. दोन दिवस खाली सतरंजीवर झोपल्या. पाठ दुखतेय असं काकांना सांगायची सोय नव्हती, म्हणून उकडतंय असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी जमिनीवरून उठताना खुर्चीचा आधार घ्यावा लागला, तेव्हा मुकाट्यानं पुन्हा पलंगावर आल्या. शेक झाला, मलम झालं. घरभर मलमाचा वास दरवळू लागला.

लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. ती आली की एकच धोशा लावायची.

"आई, दुकान बंद कर. इतकी वर्षं उभी राहिलीस, आता शरीर बोलतंय."

"शरीर बोलतंय खरं, पण दुकानाबद्दल नाही बोलत," मावशी म्हणाल्या. "उभं राहून दुखत असतं तर संध्याकाळी दुखलं असतं. मला निजून दुखतं. विश्रांतीनं दुखतं म्हटल्यावर आणखी विश्रांती काय कामाची?"

लेकीनं मग गल्लीच्या नळाजवळच्या दवाखान्यात फिजिओथेरपीवाल्या बाईंची वेळ घेतली आणि आईला नेऊन बसवलं.

बाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, हात गरम. त्यांनी मावशींना वाकवलं, वळवलं, पाय उचलायला लावले. पायात मुंग्या येतात का, कळ खाली उतरते का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काळजीचं काही दिसत नाही. आता एक करा. घरी झोपता तशा या टेबलावर झोपून दाखवा."

मावशी टेबलावर चढल्या. एका अंगावर झाल्या ते अगदी काठाशी. गुडघे जुळवले, कोपरं पोटाशी घेतली, मान आखडली आणि एका हातानं टेबलाची कड घट्ट धरली.

"अहो मावशी, पडाल!"

"नाही पडत. सवय आहे."

"रात्रभर अशाच झोपता? कूस बदलत नाही?"

"कूस बदलली तर यांची झोप मोडेल ना."

"पलंग लहान आहे का?"

"छे, चांगला ऐसपैस आहे."

"मग मधल्या जागेत कोण झोपतं?"

"कुणी नाही," मावशी म्हणाल्या, आणि आपल्याच उत्तराचं त्यांना नवल वाटलं.

बाईंनी हसू दाबलं. झोपेत शरीराला हलावंसं वाटतं, ते हलू द्यायला हवं, नाहीतर स्नायू रात्रभर पहारा देत बसतात, असं त्यांनी समजावलं. गुडघ्यांमध्ये उशी घ्या. सकाळी झटक्यात उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातानं रेटा देऊन उठा. गुडघे छातीशी घ्यायचा व्यायामही त्यांनी शिकवला. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. वाटेत त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, "जन्मात कधी कामात अंग चोरलं नाही गं मी. आणि झोपेत चोरत होते."

घरी मात्र त्यांनी काकांना काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? तुम्ही घरी आलात आणि माझी पाठ धरली? ज्या माणसानं आयुष्यभर रात्र कशी असते ते जागं राहून पाहिलं, त्याला आता कुठे अंधारात झोपायला मिळत होतं. त्यांनी उशी घेतली, व्यायाम केला. दुखणं निम्म्यावर आलं. पण कड काही सुटेना.

एका रविवारी सकाळी मावशी कुशीवर वळून उठत होत्या. पाठमोऱ्या असतानाच त्यांना मागून कण्हण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर काका पलंगाच्या पलीकडच्या कडेवर बसलेले, दोन्ही हात कंबरेवर, तोंड वाकडं.

"काय झालं हो?"

"काही नाही. जरा पाठ."

"कधीपासून?"

काका खिडकीकडे बघू लागले. "झाले बरेच दिवस. तू दुकानात गेलीस की मलम लावतो."

"म्हणजे हा वास माझा एकटीचा नाही तर!" मावशी म्हणाल्या. "आणि तुम्ही झोपता कसे?"

"असाच. इकडे, कडेला."

"का?"

"का म्हणजे? तुझी झोप सावध. इतकी वर्षं हा पलंग तुझा होता. मी आत्ता आलोय पाहुण्यासारखा. पाहुणा काय मधोमध पाय पसरतो?"

मावशींनी दोघांच्या मधे पाहिलं. चादरीवर तिथे एक सुरकुतीसुद्धा नव्हती. आदल्या दिवशी अंथरली होती तशीच, इस्त्रीच्या घडीसकट. त्यांना आधी हसू फुटलं, मग डोळ्यात पाणी आलं, आणि मग हसताना पाठीत अशी कळ आली की त्या पुन्हा आडव्या झाल्या. या वेळी मधोमध.

"अगं, सरक की," काका म्हणाले.

"तुम्हीच ढकला. मला हलवत नाही."

काकांनी त्यांना हळूच ढकललं आणि स्वतःही पाठ टेकली. त्या रविवारी चहाला उशीर झाला.

पहिले काही दिवस दोघांचीही झोप मोडत होती. कुणाचं कोपर कुणाला लागे, कुणाचं पांघरूण कुणाकडे जाई. हळूहळू शरीरं एकमेकांना सरावली. काकांनीही गुडघ्यांत उशी घेतली, आणि सकाळी दोघं आपापल्या बाजूला वळून पाय खाली सोडत. लेकीनं एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "तुमची काय कवायत चाललीय?"

पाठ अगदी कोरी झाली असं नाही. हवा गार झाली की काकांची धरते. लग्नसराईचे सूट आले की मावशींची. पण आता ती धरते तेव्हा दुसऱ्याला सांगितली जाते, आणि ज्याची बरी असेल तो उठून पाणी तापवतो.

हल्ली त्यांचं भांडण खिडकीवरून असतं. काकांना ती सताड उघडी हवी असते आणि मावशींना बंद. अजून निकाल लागलेला नाही.